व्याह्यांनी आ करावा

वर्धा म्हटलं की आमच्या कराडकडच्या माणसाला ऊन आठवतं, नाहीतर आश्रम आठवतो. मला विचाराल तर मला पाणीपुरी आठवते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं हसू येईलच असं नाही.

त्याचं असं झालं. माझा भाचा संकेत नागपुरात नोकरीला. तिथंच त्याचं वैष्णवीशी जमलं. मुलगी वर्धा जिल्ह्यातली, आंजीच्या थोडं पुढं असलेल्या एका लहान गावातली. घरची कापसाची शेती, आणि तीही नागपुरात नोकरी करणारी. दोन्ही घरांनी फोनवरच होकार दिला आणि साक्षगंध ठरलं. साक्षगंध म्हणजे आपला साखरपुडा. संकेतची आई जाऊन पाच वर्षं झाली, त्यामुळं दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घरात बाईमाणसानं करायचं ते सगळं माझ्या गळ्यात. मीच आत्या, मीच वरमाय आणि सामानाची हमालही मीच. आमच्या ह्यांना पिठाच्या गिरणीवर बसवलं आणि दादा न् मी दोघंच निघालो. संकेत नागपुरावरून परस्पर येणार होता.

स्टेशनवर निरोप द्यायला दादाचा दोस्त रामभाऊ आला. हातात माव्याच्या पुड्या. म्हणाला, तिकडं मिळतोय न मिळतोय. मावा आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नाही, पण ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून चांगला चोळायचा आणि गालात धरून ठेवायचा. ह्या दोघांची मैत्री जुनी, आणि ती चौकातल्या एकाच टपरीवर मुरलेली. मी नेहमीसारखी बडबडले, ते दोघं नेहमीसारखे हसले, आणि गाडी सुटली.

पुलगाव

उतरायचं होतं वर्ध्याला आणि आम्ही उतरलो पुलगावला. दादा थुंकायला दारात उभा होता. गाडी नदीच्या पुलावरून गेली, त्यानं पाटीवर वर्धा असं वाचलं, आणि पुढच्या स्टेशनात गाडी थांबल्याबरोबर बॅगा खाली टाकल्या. ते नदीचं नाव होतं, हे गाडी निघून गेल्यावर कळलं. मी त्याला फलाटावरच चार शब्द सुनावले. तो गालातला मावा सांभाळत ऐकून घेत होता.

नवरीचे वडील सुधाकरराव फोनवर हसले आणि गाडी घेऊन आम्हाला न्यायला आले. ते येईपर्यंत स्टेशनबाहेर बसलो, तर समोर ओळीनं टपऱ्या आणि प्रत्येक टपरीवर प्लॅस्टिकचा कागद चोळण्याचा उद्योग. इकडं त्याला खर्रा म्हणतात. मालमसाला तोच. दादाचा चेहरा असा खुलला, जणू मुलीच्या घरी पोचण्याआधीच त्याला सोयरे भेटले. त्यानं एक पुडी घेऊन बघितलीच आणि आमच्यापेक्षा सुपारी जास्त असते, असा निकाल दिला.

वाटेत नाचणगावला वैष्णवीच्या मामांकडं नाश्ता झाला. तर्री-पोहे. पोह्यांवर लालभडक रस्सा ओततात आणि वरून शेव. मी घाम पुसत दोन बशा खाल्ल्या. दादानं रस्सा बाजूला सारला आणि कोरडे पोहे चमच्याच्या टोकानं, चार-चार दाणे खाल्ले. मामांनी कौतुक केलं की पाहुणे फार निगुतीनं जेवतात. मीही फुशारून सांगितलं की आमच्या दादाचे घास पहिल्यापासून लहान. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे काही मी मनाशी आठवून बघितलं नाही.

आंजीच्या पुढं

कापूस मी ट्रकमधून जाताना बघितलेला, रानात उभा पहिल्यांदाच बघितला. दोन्ही बाजूंना पांढरी बोंडं फुटलेली, मध्येमध्ये पिवळ्या फुलांची तूर, आणि कंबरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बायका. आमच्याकडं ह्या दिवसांत उसाच्या फडात पाचट पेटवतात आणि संध्याकाळी अंगणात बसवत नाही इतका धूर असतो. इथली हवा स्वच्छ, गार. मी गाडीची काच खाली केली ती घरापर्यंत वर घेतली नाही.

सुधाकररावांचं घर मला फार आवडलं. मोठं नाही, पण घराला शिस्त आहे. परसात, घरापासून लांब एक खुंटी आहे. फवारणीचे कपडे तिथंच अडकवायचे, ते घरात आणायचे नाहीत, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. फवारून आलेल्या माणसानं अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही आणि पाण्याच्या तांब्यालाही हात लावायचा नाही. चूल आत होती, ती बाहेर पडवीत काढली आहे आणि तिच्यात प्लॅस्टिकचा चिटोरासुद्धा घालू देत नाहीत. ह्या सगळ्याला कारण घरातली एक बाई. लीलाकाकू. सुधाकररावांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ बरीच वर्षं झाली वारले. काकू बारीक, उंच, बोलायला कमी, पण त्यांनी पदर खोचला की घरातले पुरुष उठून उभे राहतात.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी काकूंबरोबर रानात गेले. वेचणाऱ्या बायका आणि गडी बांधावर जमले, तशी काकूंनी स्टीलचा डबा उघडला. भाजलेली जवस, तीळ, ओवा, बडीशेप आणि मीठ. प्रत्येकानं चिमूट-चिमूट घेतली. इकडं मजुराला कामावर खर्रा द्यायची पद्धत आहे. मालकानं तो दिला नाही तर माणूस दुसऱ्याच्या रानात जातो. आमच्याकडंही ऊसतोडीच्या टोळीला मावा-तंबाखू पुरवावी लागते, म्हणून मी विचारलं की हे चालवून कसं घेतात. बरोबर आलेल्या सुधाकररावांनी सांगितलं की खर्रा बंद केला त्या पहिल्या वर्षी नाहीच चालवून घेतलं. एकही मजूर आला नाही. घरच्यांनी आणि नाचणगावच्या पाहुण्यांनी कापूस वेचला, निम्मा झाडावरच राहिला. दुसऱ्या वर्षी आधी बायका आल्या, मग त्यांच्या मागून त्यांचे नवरे. मला हे ऐकून धन्य वाटलं. आमच्या गावात कुणी असं निम्मं पीक झाडावर सोडलं असतं का, मी तरी सोडलं असतं का, ह्याचा मी विचार करत राहिले.

बायकांच्या तोंडात मात्र काही ठिकाणी गुडाखू दिसली. आमच्याकडं मिश्री, इकडं गुडाखू. नाव बदलतं, तंबाखू तीच.

रात्रीच्या जेवणाला पातोडीचा रस्सा आणि वडाभात होता. बेसनाच्या वड्या लाल रश्श्यात सोडलेल्या, आणि भातावर डाळीचे वडे कुस्करून वरून हिंगाची फोडणी. काकूंनी विचारलं, वरून सांबार टाकू का, आणि मी म्हटलं, भातावर आता तेही कशाला. मग कोथिंबीर पुढं आली. कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे पोट धरून हसले. दादानं मात्र दुधात भाकरी कुस्करून मागितली. पित्त झालंय म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्या वतीनं माफी मागितली आणि थोडं ठसक्यातच सांगितलं की आमच्याकडं एवढं तिखट खायची सवय नाही हो. काकू वाढायचं थांबवून दादाच्या हाताकडं बघत होत्या. मला वाटलं, पाहुण्यानं रस्सा नाकारला म्हणून त्यांना राग आला.

साक्षगंध

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव. संकेत आला, गावातली माणसं जमली. आता कुंकू लागेल, शालू देतील, तारीख काढतील, म्हणून मी ओटीचं सामान घेऊन बसले. तर काकू परात घेऊन आल्या आणि परातीत पाणीपुरी. इकडं तिला गुपचुप म्हणतात. सुधाकरराव हसत म्हणाले, आमच्या घरची रीत आहे, आधी गुपचुप, मग कुंकू. मला गंमत वाटली.

रीत अशी की दोन्हीकडच्या प्रत्येक पुरुषानं ओळीत यायचं, आ करायचा, आणि काकू स्वतःच्या हातानं अख्खी पुरी तोंडात घालणार. तुकडा करायचा नाही. सुधाकररावांपासून सुरुवात झाली. गावातल्या पोरांनी एकमेकांची टिंगल करत खाल्ल्या. संकेतनं दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मग काकू दादापुढं उभ्या राहिल्या.

दादा म्हणाला, "मला नको. तिखट सोसत नाही."

"बिनतिखटाचं पाणी बी केलं हाय, जी," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या भांड्यातून पुरी भरून पुढं केली. "आ करा."

दादानं तोंड उघडलं. पुरी दाताला लागली आणि तिथंच थांबली. काकूंनी हात मागं घेतला नाही. दादानं जोर केला, पुरी फुटली, आणि चिंचेचं पाणी त्याच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलं. पोरं खिदळली. काकू हसल्या नाहीत. दादा मान खाली घालून रुमाल शोधायला लागला.

माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं की आमच्याकडं व्याह्याचा असा तमाशा करत नाहीत. मुलगी द्यायची नसेल तर सरळ सांगा, आम्ही गाडी बघतो. संकेत माझा हात ओढत होता. काकूंनी परात खाली ठेवली, माझा दुसरा हात धरला आणि मला आत नेलं.

आत गेल्यावर त्यांनी मला पाटावर बसवलं. म्हणाल्या, आधी तुम्ही आ करा. आणि माझ्या हाताची तीन बोटं एकावर एक धरून उभी माझ्या दातांमध्ये घातली. बसली. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाची दोन बी बसत नसतीन."

मी विचारलं, तुम्हाला काय माहीत?

"आमचे हे लहान घासाचे होते," काकू म्हणाल्या. "लोक म्हणत, किती निगुतीनं जेवते हा माणूस. मी बी कौतुकानं सांगत होती. तिखट सोडलं तं म्हटलं, वय झालं. तोंड बंद होऊन राह्यलं होतं, बाई, अन् मी रोज समोर बसून पाहून राह्यली होती. गालाले गाठ आली तवा दवाखान्यात नेलं. मंग काय राह्यलं होतं?"

नवरा गेल्यावर त्यांना एक गोष्ट आठवली. त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला बाजाराच्या दिवशी आंजीला गुपचुप खायची आवड होती. गाठ यायच्या कितीतरी आधीपासून नवऱ्यानं ते सोडलं होतं. आवडत नाही आता, एवढंच म्हणायचा. दुखण्यानं आपली वर्दी दिली होती, ती ह्यांना वाचता आली नाही. तेव्हापासून ह्या घरात बारसं असो की साक्षगंध, आधी गुपचुप होतात. कुणालाही तोंड दाखव म्हटलं की राग येतो, खायला बोलावलं की सगळे येतात. आता गावातल्या चार घरांनी ही रीत उचलली आहे.

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी परसात गेले. दादा कापसाच्या ढिगाजवळ सदरा पुसत उभा होता. मी त्याला म्हटलं, दादा, तीन बोटं घालून दाखव. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"मला कळलंय गं सुमे," तो म्हणाला. "पोराचं लग्न तेवढं होऊ दे म्हटलं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मी तिथंच कापसावर बसून रडले. आई गेली तेव्हा मी रडले होते, तशी. वर्ष-दीड वर्ष हा माणूस दूध-भाकरीवर जगत होता, आणि मी त्याला डबा पाठवताना म्हणत होते की बरं झालं, तब्येतीला जपतोय.

पुन्हा मांडवात आलो तेव्हा मला वाटलं, आता हे लोक मोडतील. कोण देईल मुलगी असल्या घरात? काकूंनी आधी माझ्या हातात कुंकवाची कोयरी दिली. कुंकू लागलं, शालू दिला, अंगठ्या झाल्या. मग भटजींनी तारखेचा विषय काढला आणि वैष्णवी स्वतः बोलली. भरल्या मांडवात मुलीनं बोलायचं म्हणजे आमच्याकडं अजून अवघडच. ती म्हणाली, "तारीख आज नका काढू. आधी संकेतच्या बाबांले दवाखान्यात दाखवू. मले घाई नाई. मले सासरे पंगतीत जेवताना पाह्यचे हाय."

दादानं मान वर केली, ती बऱ्याच वेळानं. इतक्या गुणी लेकराच्या घरी आम्ही आलो होतो आणि थोड्या वेळापूर्वी मी गाडी बघायला निघाले होते.

दवाखाना आणि हिंगणघाट

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड, पण काही लपवलं नाही. म्हणाल्या, सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, म्हणून तोंड उघडत नाही आणि म्हणूनच तिखट झोंबतं. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली तरी हे होतं. तंबाखू त्यात आणखी भर घालते. डाव्या गालात एक पांढरा चट्टाही होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि निकालाला काही दिवस लागतील म्हणाल्या.

ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. गिरणी ह्यांच्या गळ्यात टाकून मी तिथंच राहिले. दादानं रामभाऊच्या उरलेल्या पुड्या माझ्याकडं दिल्या आणि त्यानंतर तो सगळ्यांशी भांडत सुटला. चहा गोड का, पंखा जोरात का, संकेतचे केस लांब का. काकू त्याला मुकाट जवसाचा डबा सरकवायच्या. तो नको म्हणायचा आणि थोड्या वेळानं डबा रिकामा असायचा.

मन रमावं म्हणून सुधाकररावांनी आम्हाला हिंगणघाटला नेलं. कापूस विकायचाच होता. सरकी वेगळी करायच्या जिनिंगमध्ये डोंगराएवढा कापूस आणि हवेत तरंगणारे धागे. बायकांनी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं गुंडाळलेलं. सुधाकररावांनी आम्हालाही रुमाल बांधायला लावले. म्हणाले, छातीत जायचं ते आधी बाहेरच अडवावं. परत येताना वेणा नदीच्या काठी बसून संत्री खाल्ली. मी फोडी सोलून देत होते आणि दादा एकेक फोड तोंडात सरकवत होता. मधेच म्हणाला, रामभाऊचंही असंच आहे गं. तोसुद्धा हल्ली पोळी चहात बुडवून खातो.

निकाल आला त्या दिवशी अख्खं घर दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही. मी देवाचं नाव घेणार तोच त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, आज नाही. हा त्याच वाटेवरचा थांबा आहे. इथं उतरलात तर उतरलात. सुपारी-तंबाखू कायमची बंद, पालेभाजी-फळं भरपूर, दर काही महिन्यांनी तपासणी, गालात इंजेक्शनं, आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम. काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. तोंड पहिल्यासारखं होईलच असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

बाहेर आल्यावर दादानं सुधाकररावांना विचारलं, तारीख काढायची का. वैशाखातली निघाली.

पुन्हा वैशाखात

लग्नाला वऱ्हाड घेऊन गेलो तेव्हा ऊन असं होतं की हातपंपाचा दांडा धरवेना. मांडवात पहिली परात गुपचुपाचीच. पण ह्या खेपेला दादानं ओळीत उभं राहायचं ठरवलं होतं. घरी रोज आरशापुढं काड्या धरून बसायचा, गिरणीवर आला तरी खिशात काड्या. काकूंनी विचारलं, बिनतिखटाचं देऊ? तो म्हणाला, तिखटच द्या.

पुरी अख्खी गेली नाही. एक कड तुटून खाली पडली. पण बाकीची गेली, आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना दादानं ती चावून खाल्ली. काकूंनी आपली बोटं त्याच्यापुढं धरून बघितली आणि म्हणाल्या, अडीच. वैष्णवी शालूत उभी होती, तिनं टाळ्या वाजवल्या आणि भटजी रागावले. पंगतीत तिनं स्वतः सासऱ्याला वडाभात वाढला. दादानं वरून सांबार मागितलं.

पण ते नंतर. आधी ओळ पुढं सरकायची होती, आणि ओळीत रामभाऊ नव्हता. आमच्याबरोबर कराडवरून आला होता, गालात पुडी धरून. दादानं मांडवभर शोधलं, तर हा पठ्ठ्या मागं पाण्याच्या टाकीआड सावलीत उभा. दादानं काकूंच्या हातातली परात घेतली आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मीही मागोमाग गेले.

रामभाऊनं परातीकडं बघितलं, मग दादाकडं. म्हणाला, "मला नको रे. तिखट सोसत नाही हल्ली."

दादानं परात टाकीच्या कठड्यावर ठेवली, एक पुरी उचलली आणि परातीतल्या दुसऱ्या भांड्यात बुडवली.

"बिनतिखटाचं पाणी पण केलंय," दादा म्हणाला. "आ कर."